पहिला आणि तिसरा शनिवार

२१ जून २०२५, शनिवार

दोन तासांची भेट, आणि पोरगी सगळा वेळ पाठमोरी बसून राहिली!

अमरावतीच्या कोर्टाचा बालकक्ष. भिंतीवर हत्ती, ससे, फुलपाखरं. खाली सतरंजी, प्लास्टिकची घसरगुंडी. आचल ठोकळे रचत होती. मी समोर जाऊन बसले की ती फिरायची. पुन्हा समोर गेले, पुन्हा फिरली. एकदाच बोलली — "आजी बाहेरच हाय ना?"

आजी बाहेरच होती. मैनाबाई, माझी सासू. दाराबाहेरच्या बाकावर, मांडीवर पाण्याची बाटली आणि स्टीलचा डबा घेऊन. नितेशनं पोरीला आणून सोडलं आणि गाडीला किक मारून गेला. माझ्याकडे पाहिलंही नाही. कागदावर अजून नवरा आहे!

महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार. एवढ्या भेटीसाठी मागच्या ऑगस्टपासून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. अकोल्याहून एसटीत बसले तेव्हा ठरवलं होतं — आधी उचलून घेईन, मग काय ते बोलेन. हातसुद्धा लावू दिला नाही तिनं.

निघताना मी म्हटलं, "बाय बेटा." तिनं आजीचा पदर धरला. मैनाबाई म्हणाल्या, "बाय कर मम्मीले."

केलं. आजीनं सांगितलं म्हणून केलं!

२२ जून

रविवार. लॅबला सुट्टी. खोली दोनदा झाडली. कोणासाठी?

२५ जून

गुल्हाने वकीलबाईंचा फोन. नितेशच्या बाजूनं जे लिहून दिलंय ते वाचून दाखवलं. "अर्जदार पत्नी ही स्वतःच्या नोकरीपायी अल्पवयीन मुलीस टाकून निघून गेली."

टाकून!

तेवीसच्या नोव्हेंबरात इथल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली. त्याआधी वर्षभर घरात तेच भांडण — बायकोनं नोकरी करायची की नाही. नितेश म्हणाला, जायचं तर जा. मैनाबाईच म्हणाल्या होत्या, "आधी खोली पाय, मंग ने पोरीले." खोली पाहिली. न्यायला गेले तर दार बंद! एकदा नाही, तीनदा. मग मामा-काकांच्या बैठका सुरू झाल्या. आज समजावतो, उद्या समजावतो, कोर्टाचं नाव काढू नको, घराण्याची लाज. त्या बैठकांमध्ये आचलला पाच वर्षं पूर्ण झाली.

"पाचाच्या आत असती तर साधारणपणे आईकडे, असं कायदाच म्हणतो," वकीलबाई म्हणाल्या. "आता सहा झाले. आता ना आईचा हक्क पाहतात, ना बापाचा. पोरीचं भलं कशात, तेवढंच. अन् पोरगी जिथं रुळली तिथून तिले उचलायले कोर्ट सहजासहजी राजी नसते."

"मग मी काय करू?"

"एकही भेट चुकवू नका. पोरीसमोर नवऱ्याबद्दल वाईट बोलू नका. अन् तिच्यासमोर रडू नका."

पहिल्या दोन जमतील.

५ जुलै, शनिवार

फ्रॉक नेला होता. पिवळा, खिशावर बदक. आचलनं पाहिलं, हात लावला, डोळे चमकले! घालायला गेले तर खांद्यातच अडकला. मी आपला डोळ्यापुढे होती त्या मापाचा घेतला. ती पोरगी आता नाही. समोरचे दोन दात पडलेत. ते कधी पडले? कोणाला दाखवले तिनं?

तिचा चेहरा बघून मैनाबाई दारातून म्हणाल्या, "तिले आता चोवीस नंबर लागते."

चांगल्या मनानं म्हणाल्या असतील. मला वाटलं भर कोर्टात कोणी कानाखाली मारली. माझ्या पोरीचं माप मला दुसऱ्या बाईनं सांगायचं!

आज मात्र पाठ केली नाही आचलनं. फ्रॉक मांडीवर घेऊन बसली. बदक नखानं खरवडत होती.

९ जुलै

कोर्टाच्या समुपदेशक मॅडम खोली बघायला येणार. दोन्हीकडची घरं बघतात म्हणे. वकीलबाईंनी बजावलं — पोरीची म्हणून जागा दिसली पाहिजे, तुम्ही कामावर असताना तिला कोण बघेल तेही सांगता आलं पाहिजे.

खाली रजियाबींना सांगितलं. घरमालकीण. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "इसमें सोचने का क्या? मैं दिनभर घरीच रहती ना. शाकीब की नगमा जाती उसी स्कूल में, साथ में आएगी-जाएगी." शाकीब त्यांचा मुलगा, नगमा नात. दुसरीत आहे.

आचल आल्यासारखी नगमा वर धावत आली. "दीदी, वो आएगी तो मेरी बाजू में बैठेगी क्या?"

मी म्हटलं, हो. म्हटलं तर खरं!

१९ जुलै, शनिवार

आल्याबरोबर लिहिते.

दोन वाजले, कोणी नाही. अडीच, कोणी नाही. बालकक्षातल्या बाई म्हणाल्या, थांबा, येतील. तिथं दुसरी एक आई होती, तिचा मुलगा आला. मी त्यांचा खेळ बघत बसले. मग मैनाबाईंचा फोन. दबक्या आवाजात. "आचलले ताप हाय. कालपासून. डेंगूचं रक्त तपासलं, नाही निघालं."

"प्लेटलेट किती आहेत?"

"ते मले नाही समजत वं. कागद नितेशपाशी हाय."

मी रोज लोकांच्या पोरांचं रक्त काढते. रोज! आणि माझ्या पोरीच्या रक्तात काय आहे ते मला कळायचं नाही. खरंच ताप आहे की भेट टाळतायत? दोन्ही विचार एकाच वेळी येत होते. ऑटो केला आणि घरी गेले.

नितेश दारातच उभा राहिला. "कोर्टानं भेट कोर्टात देल्ली हाय. घरी नाही."

"नितेश, नुसती पाहते. हात नाही लावत."

"तमाशा नको करू. लोक पाहून राहिले."

खरंच पाहत होते. समोरच्या बाई झाडू हातात धरून थांबल्या होत्या. आतून आवाज आला — "मम्मी?" एकदाच. मी हाक मारली, "आचल! मी आहे बेटा!" मैनाबाई आतल्या दारात दिसल्या. माझ्याकडे पाहिलं आणि आत वळल्या. मग ते आतलं दारही लागलं.

नितेशच्या दाढीचे खुंट वाढले होते, डोळे लाल. तोही झोपला नसावा. हे दिसलं मला. तरी त्या वेळी त्याला ढकलून आत जावं असंच वाटलं. गेले नाही. वकीलबाईंचं ऐकलं. शहाणपणाची फार चीड येते कधीकधी.

२० जुलै

मैनाबाईंचा मिस्ड कॉल. उलटा लावला तर बंद. म्हणजे काय समजायचं? बरी आहे? नाही?

२१ जुलै

ताप उतरला! वकीलबाईंनी समोरच्या वकिलाकडून काढून आणलं. आज लॅबमध्ये एका आज्जींची शीर पहिल्या फटक्यात सापडली. सकाळपासून एकाचीही धड सापडत नव्हती.

२ ऑगस्ट, शनिवार

बारीक झालीय. गालांची हाडं दिसतात.

आज ती आपणहून आली, पाठ माझ्याकडे करून बसली — पण वेणी घालून द्यायला! रबरं हातात दिली. तापात केसांचा नुसता गुंता झालेला. मी एकेक बट सोडवत होते. तेव्हा विचारलं तिनं, तोंड भिंतीकडे ठेवून.

"तू अकोल्याले काहून रायते?"

काय सांगायचं सहा वर्षांच्या पोरीला? "तिथं माझं काम आहे."

"बाबा म्हणते, तू मले ठेवून गेली."

बाबाबद्दल वाईट बोलायचं नाही. पुढची बट हातात घेतली. "मी तुला घ्यायला आले होते बेटा. खूपदा."

"आजी बी हेच म्हणते," आचल म्हणाली. "पण बाबाले नको सांगजो म्हणते."

आजी? मैनाबाई? ज्यांनी आतलं दार लावलं त्या? काही कळेनासं झालंय. बाहेर आले तर त्या बाकावर गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. मला बघून डब्याचं झाकण उघडलं, "घे, मुरमुऱ्याचा चिवडा हाय." मी नको म्हटलं. एसटीत बसल्यावर भूक लागली.

१२ ऑगस्ट

समुपदेशक मॅडम येऊन गेल्या. खिडकी, संडास, शाळेचं अंतर, सगळं पाहिलं. रजियाबींशी बराच वेळ बोलल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुमच्या मुलीला रात्री काय लागतं झोपताना?"

पूर्वी माझा कान लागायचा. धरून झोपायची. आता काय लागतं, माहीत नाही. तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. बरोबर उत्तर होतं की चूक?

१६ ऑगस्ट

तिसरा शनिवार, पण गोपाळकाल्याची सुट्टी. कोर्ट बंद. एक भेट गेली!

१९ ऑगस्ट

मध्यस्थीला बसवलं होतं आम्हाला. टेबलाच्या दोन बाजूंना. मध्यस्थ बाई भल्या होत्या, थोड्या वेळानं आपण होऊन बाहेर गेल्या.

नितेश म्हणाला, "प्रतीक्षा, काहून करून राहिलो आपण हे? नोकरी सोड, घरी ये. उद्याच केस मागं घेऊ."

आवाज पहिल्यासारखा. लग्नानंतर वलगावच्या रस्त्यानं गाडीवर फिरायचो तेव्हाचा. म्हणाला, "दर्यापूर-अंजनगाव लाइन करून घरी येतो तं आचल झोपलेली असते. सकाळी निघतो तं शाळेत. मले कोण हाय?" तो शेती औषधांच्या कंपनीत आहे, हंगामात आठवड्यातले चार दिवस बाहेरच.

मन हललं. खोटं कशाला लिहू? डोळ्यापुढे आलं — आचल मधे, आम्ही दोन बाजूंना.

मी म्हटलं, "येते. पण नोकरी अमरावतीत बघते."

तो एकदम ताठ झाला. "तेच ना! तुले नोकरीच पायजे. पोरगी नाही."

संपलं.

पण आता तोच विचार — "हो" म्हटलं असतं तर आज आचल माझ्या कुशीत असती. एवढंच तर पाहिजे ना? मग का नाही म्हटलं? बरोबर केलं. बरोबर केलं का?

१ सप्टेंबर

तिकडे आज महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, आंबील. आचलला आंबील फार आवडते. इथं मी खिचडी टाकली, तीही करपली.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

मैनाबाई नितेशच्या बाजूच्या साक्षीदार. त्यांचं प्रतिज्ञापत्र आधीच टाइप होऊन दाखल झालेलं — सून पोरीला टाकून गेली, आईची माया नाही, वगैरे. खाली त्यांची सही, एकेक अक्षर सुटं. आज आमच्याकडून उलटतपास.

त्या उभ्या राहिल्या. नवी नऊवार, डोक्यावर पदर. जज मॅडम म्हणाल्या, खुर्ची द्या आजींना. बसल्या नाहीत.

आधी नितेशच्या वकिलानं माझ्या खोलीचा विषय काढला होता — मुलगी दिवसभर कोणाकडे राहणार, तर कोणी "र-जि-या-बी." नाव मुद्दाम सावकाश ओढून म्हणाला. जज मॅडम म्हणाल्या, "नावात काही हरकत असेल तर तशी सांगा. नसेल तर पुढे चला." पुढे गेला.

मग गुल्हाने बाई उठल्या. "मैनाबाई, प्रतीक्षा मुलीला न्यायला आली होती का?"

मैनाबाईंनी लेकाकडे पाहिलं. नितेश खाली बघत होता.

"आली होती."

"किती वेळा?"

"तीनदा तं मले ठाऊक हाय."

"मग मुलगी का नाही दिली?"

"दार नाही उघडलं."

"कोणी?"

"म्याच. लेक म्हणे नको उघडू." पदर सारखा केला. "मले वाटे, सून गेली तं गेली, नात तरी राहीन."

वकीलबाई खाली बसणार होत्या. मैनाबाईंचं झालं नव्हतं. जज मॅडमकडे वळल्या. "मॅडम, एक सांगू का? मांगं पोरीले ताप आला तं हे दारात उभी होती. हाका मारे. पोरगी आतून उठून बसली. म्हणे, मम्मी आली. म्या म्हटलं, नाही वं, टीव्हीतली बाई हाय. पोरगी मंग रडलीच नाही. भिंतीकडं तोंड करून झोपली. मले त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही."

"आई!" नितेश उभा राहिला. त्याच्या वकिलानं हाताला धरून बसवला.

जज मॅडमनी विचारलं, "आजी, मुलीला दिवसभर कोण सांभाळतं?"

"मीच. लेकाची माया हाय पोरीवर, खोटं नाही सांगत. पण त्याचं काम गावोगावचं. अन् माहे गुडघे पायता ना तुमी? ते पळाली रस्त्यावर तं मले धावता येत नाही."

एवढंच. मग खुर्चीवर बसल्या.

बाहेर चपला घालताना तोल गेला त्यांचा. मी हात पुढे केला. "राहू दे," म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही. नितेश पुढे निघून गेला होता. त्या एकट्याच जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत गेल्या.

मला आनंद व्हायला हवा. टीव्हीतली बाई!

१६ सप्टेंबर

जज मॅडमनी आचलला आत चेंबरमध्ये घेतलं. एकटीला. आम्ही सगळे बाहेर. ती आत जाताना मागे वळली — माझ्याकडे, मग नितेशकडे, मग आजीकडे. तिघांनीही तोंडावर हसू आणलं. तिघांचंही बघण्यासारखं नव्हतं.

बाहेर आली तर हातात चॉकलेट. काय बोलली? वकीलबाईंनी हात जोडून सांगितलं, विचारू नका, पोरीवर ओझं होते. नितेशही काही बोलला नाही तिला. तेवढं मात्र त्याचं मानलं.

२० सप्टेंबर, शनिवार

विचारलं नाही! भेटभर घसरगुंडीखाली घर-घर खेळलो. जाताना गळ्यात पडली. आजीनं न सांगता.

३० सप्टेंबर

निकाल पुढे ढकलला. लॅबमध्ये एका नळीवर दुसऱ्याच पेशंटचं नाव घातलं. वेळीच लक्षात आलं. सरांनी घरी पाठवलं. घरी काय करू?

४ ऑक्टोबर

पहिला शनिवार. "मम्मी, तुह्या घरी झोका हाय का?" म्हटलं, बांधू. लगेच पुढचं — "अन् आजी झोका देईन?"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ताबा माझ्याकडे.

सहामाही परीक्षा संपली की दिवाळीच्या सुट्टीत आचल अकोल्याला. महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि अर्ध्या सुट्ट्या नितेशकडे. रोज संध्याकाळी त्याचा फोन. आणि आजीची भेट थांबवायची नाही, हेही लिहिलंय. जज मॅडमनी वाचताना सांगितलं, आई जिंकली आणि वडील हरले असं यात काही नाही. वडिलांचं प्रेम खरं आहे, पण दार बंद ठेवून मुलीचं भलं होत नाही.

गुल्हाने बाईंनी पाठ थोपटली. मी वळले तर नितेश पाण्याच्या नळापाशी उभा. नळ चालू. हात ओले, तसेच धरलेले. मी जवळ गेले. काय बोलणार होते कोण जाणे.

तो म्हणाला, "नागपूरले अपील करतो मी." मग नळ बंद केला. "रात्री तिले लाईट लागते. बारकी. अंधारात भेते."

१९ ऑक्टोबर

काल आणली. दिवसभर नगमाबरोबर अंगणभर हुंदडली. रजियाबींनी शेवया दिल्या, दोन वाट्या खाल्ल्या. मला वाटलं, किती सोपं होतं हे!

आणि आज सकाळपासून "आजी पायजे." जेवली नाही. मी घास केला, तोंड फिरवलं. "आजी वरण मऊ करते." पुन्हा शिजवलं, पुन्हा घोटलं. "असं नाही!" मीही ओरडले. मग दोघी रडलो. समोर रडायचं नाही म्हणे.

सगळे म्हणतात, जिंकलीस. माझ्या मांडीवर झोपलेली पोरगी झोपेत दुसरीचं नाव घेते.

२६ ऑक्टोबर

रोज आजीला फोन लावतो, लागत नाही. नितेश संध्याकाळी आचलशी बोलतो, नीट, प्रेमानं. तिनं विचारलं, आजी कुठं हाय? म्हणाला, "हाय घरी." पुढचं काही नाही. मला विचारायची सोय नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी मैनाबाई आल्या. एकट्या, एसटीनं. एक पिशवी. साक्षीच्या दिवसापासून नितेश त्यांच्याशी बोलत नाही, त्यांच्या हातचं जेवत नाही. "भिंतीसंग किती दिवस बोलू वं? मले राहू देशीन का इथं?" आचल ओरडतच त्यांच्या कमरेला बिलगली. मी "या" म्हटलं, विचार न करता. आता विचार करून राहिले.